सत्तर टनांचं विमान पाण्यावर का तरंगतं, आणि किती वेळ?

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. दोन्ही पंखांवर दाटीवाटीने उभी माणसं, पायाशी पाणी, आणि मध्ये विमानाचं धड. उड्डाणानंतर दोनेक मिनिटांतच कॅनडा गीज जातीच्या हंसांचा थवा आदळून दोन्ही इंजिनांनी दम तोडला होता. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी विमान नदीत उतरवलं आणि आतली १५५ च्या १५५ माणसं वाचली. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण वैमानिकांच्या कौशल्यावर बोलतो, आणि त्यात काही गैर नाही. पण उतरल्यानंतरचं काय? जवळपास सत्तर टनांची वस्तू, तीही बहुतांशी धातूची, नदीत पडल्यावर सरळ तळाला का गेली नाही?

याचं उत्तर नववीच्या विज्ञानात आहे. कोणतीही वस्तू पाण्यात गेली की तिचा जेवढा भाग बुडतो तेवढ्या आकारमानाचं पाणी ती बाजूला सारते, आणि जेवढं पाणी बाजूला सारलं त्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. हेच प्लावक बल, आर्किमिडीजचं तत्त्व. वस्तू बुडेल की तरंगेल हे नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन किती जागेत पसरलंय, त्यावर ठरतं.

मग विमानाची जागा मोजू. हडसनमध्ये उतरलेलं विमान एअरबस ए३२० होतं, मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळुरू मार्गावर आपण ज्यात बसतो तेच. त्याचं धड जेमतेम चार मीटर रुंद, चार मीटरपेक्षा किंचित जास्त उंच, आणि सुमारे साडेसदतीस मीटर लांब. नाक आणि शेपूट निमुळती होत जातात, म्हणून हिशोबाला तीस मीटरची नळी धरू. गोल छेदाचं क्षेत्रफळ तेराच्या आसपास चौरस मीटर येतं, म्हणजे आकारमान ३८०-३९० घनमीटर. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. सगळं धड पाण्याखाली दाबायचं तर ३८० टनांहून जास्त पाणी बाजूला सारावं लागेल. विमानाचं वजन सत्तर टन. त्यामुळे सत्तर टन पाणी बाजूला सारलं गेलं की तोल जमतो आणि विमान त्याहून खाली जात नाही. धडाचा एक पंचमांश भागसुद्धा पाण्यात जायची गरज नाही.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधतात. पत्रा लोखंडाचाच असतो, तरी झाकण पक्कं बसवलेला डबा पोराला वर धरून ठेवतो, कारण आत हवा असते. विमानातही तेच आहे. दिसायला ते भरगच्च धातूचं वाटतं, पण ॲल्युमिनियमचं कवच काही मिलिमीटरच जाड असतं आणि आतला बहुतेक भाग हवेचा. उडण्यासाठी हलकं ठेवलेलं यंत्र पाण्यावरही हलकंच ठरतं. सागरी पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड असतं, त्यामुळे समुद्रात जोर किंचित वाढतो, पण तेवढ्याने काही बिघडत नाही की सुधारत नाही.

हाच हिशोब पुढे नेला तर गोल नळीचा सुमारे एक मीटर भाग पाण्याखाली जातो. प्रवाशांच्या पायाखालचा मजला पोटाच्या तळापासून दीड मीटरहून वर असतो, कारण मध्ये सामानाचा कप्पा आहे. त्यामुळे न फुटलेलं विमान शांत पाण्यावर टेकलं तर केबिनचा मजला आणि दारांचे उंबरे पाण्याच्या वर राहायला हवेत.

पंखांची भर वेगळीच. जेट विमानाचं इंधन मुख्यतः पंखांतल्या बंद टाक्यांत असतं. हे इंधन म्हणजे केरोसीनचाच एक प्रकार, पाण्यापेक्षा साधारण वीस टक्के हलका. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असली तरी ती विमानाला खाली खेचत नाही, उलट घनमीटरमागे दोनशे किलोंचा आधारच देते. टाकी रिकामी असेल तर तोच आधार घनमीटरमागे जवळपास एक टन. ए३२० च्या टाक्यांत एकूण चोवीस घनमीटरच्या आसपास इंधन मावतं, तेव्हा फरक लहान नाही. ६ ऑगस्ट २००५ ला सिसिलीजवळ ट्यूनिंटर कंपनीचं एटीआर ७२ समुद्रात उतरलं, त्याचं इंधन संपलेलं होतं. चुकून एटीआर ४२ चा इंधनमापक बसवला गेला होता आणि तो टाकीत नसलेलं इंधन दाखवत होता. आदळल्यावर धडाचे तुकडे झाले, ३९ पैकी १६ माणसं गेली. पण पंख आणि त्यांना जोडलेला मधला भाग तरंगत राहिला आणि वाचलेल्यांना त्याचाच आधार मिळाला. ज्या रिकाम्या टाक्यांमुळे विमान पडलं, त्याच नंतर तराफा झाल्या.

कागदावर हे सगळं छान जमतं. अडचण एवढीच की विमान म्हणजे झाकण लावलेला डबा नव्हे. त्याला भोकं असतात, आणि ती मुद्दाम ठेवलेली असतात.

उंचावर हवा विरळ असते म्हणून केबिनमध्ये सतत दाबाची हवा भरली जाते आणि मागच्या बाजूला पोटाजवळ असलेल्या एका झडपेतून ती हवी तेवढी बाहेर सोडली जाते. ही आउटफ्लो व्हॉल्व्ह. याशिवाय इलेक्ट्रॉनिक उपकरणं थंड ठेवण्यासाठी हवा आत-बाहेर नेणारी तोंडं, आणीबाणीत बाहेरची हवा आत घेणारं तोंड, पोटाखाली साचलेलं पाणी निथळायची छोटी भोकं. आकाशात यांपैकी कशाचाच त्रास नाही. पाण्यावर मात्र यांतली बरीच तोंडं पाण्याच्या पातळीखाली येतात. म्हणून एअरबसच्या कॉकपिटमध्ये 'डिचिंग', म्हणजे विमान पाण्यावर उतरवणं, असं लिहिलेलं एक बटण दिलेलं असतं. पाण्यावर उतरण्याआधी ते दाबलं की खालच्या झडपा आणि तोंडं एकदम बंद होतात. हडसनच्या दिवशी ते दाबलं गेलं नाही. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर करायच्या कामांची यादी लांबलचक होती, ती उंचावर भरपूर वेळ हाताशी असेल असं गृहीत धरून केलेली, आणि इथे थवा आदळल्यापासून पाणी गाठेपर्यंत जेमतेम साडेतीन मिनिटं होती. बटण दाबलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, कारण पाण्याने आपली वाट दुसरीकडून काढली होती. त्याकडे येऊच.

आधी भोकाचा आकार किती महत्त्वाचा असतो ते पाहू, कारण सगळा खेळ तिथेच आहे. एक मीटर खोलीवर दहा सेंटीमीटर बाजूचं चौकोनी भोक पडलं, तर त्यातून सेकंदाला पंचवीस-सत्तावीस लिटर पाणी आत येतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण आतली तीनशे घनमीटर पोकळी भरायला त्या वेगाने तीन तास लागतील. भगदाड एक चौरस मीटरचं असेल तर तेच पाणी सेकंदाला अडीच टनांच्या वर जातं आणि काम दोन मिनिटांत आटोपतं. हा ढोबळ हिशोब आहे. विमान जसं खाली जातं तसा पाण्याचा दाब वाढतो, ते कलतं, एखादं दार पाण्याखाली येतं, मग आकडे आणखी वाईट होतात. तरी मुद्दा कळतो: पाण्यावर उतरलेलं प्रवासी विमान बहुतेक वेळा सावकाश बुडत असतं. त्याला तरंगणं म्हणायचं की बुडणं, हे भगदाड किती मोठं आहे त्यावर आहे. विमानांना मान्यता देणाऱ्या नियमांतही विमान कायम तरंगत राहिलं पाहिजे अशी अट नाही. माणसांना बाहेर पडून तराफ्यांत बसता येईल एवढा वेळ, आणि त्यासाठी पुरेसं सरळ ते तरंगावं, एवढंच मागितलेलं आहे.

म्हणून भगदाड पडू न देणं हे खरं काम. ते पाण्याला टेकण्याच्या दोन-तीन सेकंदांत ठरतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. पाण्याचा मारा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर मारा चौपट. म्हणून वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बाहेर काढून विमान शक्य तितकं हळू करतो. चाकं मात्र आत ठेवतो, नाहीतर ती पाण्यात अडकून विमानाचं नाक खाली खेचतील. पंख समपातळीत ठेवतो आणि नाक दहा-अकरा अंश वर, जेणेकरून पोटाचा मागचा भाग आधी पाण्याला घासेल आणि वेग टप्प्याटप्प्याने उतरेल. हडसनमध्ये विमान टेकलं तेव्हा वेग सुमारे २३० किलोमीटर प्रतितास होता आणि नाक साडेनऊ अंश वर. हे सगळं जवळपास पुस्तकाबरहुकूम. बिनसलं ते खाली येण्याच्या वेगात. पाण्यावर उतरण्याच्या हिशोबात विमान सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने खाली येईल असं धरलेलं होतं. प्रत्यक्षात ते पावणेचार मीटरच्या आसपास भरलं. इंजिनाचा जोर हाताशी नसताना एवढं मोठं विमान सेकंदाला एका मीटरवर आणणं किती जणांना जमेल, हा प्रश्न अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत स्वतःच उपस्थित केला.

यात आणखी एक डाव असतो, तो चटकन लक्षात येत नाही. धडाचा मागचा भाग खालून वर वळत जातो. पाणी त्या वळणावरून वेगाने वाहिलं की तिथे दाब कमी होतो आणि शेपूट खाली ओढली जाते. पाण्यावर उतरण्यासाठीच बनवलेल्या सीप्लेनच्या तळाला म्हणून एक पायरी कापलेली असते. पाणी त्या पायरीशी सुटून जातं आणि पोटाला चिकटून राहत नाही. प्रवासी विमानाला अशी पायरी देता येत नाही, कारण रोजच्या उड्डाणात ती हवेला अडथळा करेल आणि इंधन खाईल. क्वचित घडणाऱ्या प्रसंगासाठी रोज एवढी किंमत कोणी मोजत नाही, आणि मला तरी तो निर्णय बरोबर वाटतो.

हडसनमध्ये आपटण्याचा आणि या ओढीचा सगळा भार मागच्या पोटावर आला. तिथला पत्रा फाटला, आतली चौकट तुटली, आणि एक उभा दांडा मजला भेदून वर आला. मागे बसलेल्या हवाई सेविकेच्या पायाला त्याने मोठी जखम केली. पाणी शिरलं ते इथून. त्यामुळे विमान शेपटीकडे बसत गेलं, मागची दारं निकामी झाली आणि त्या दारांना जोडलेले तराफेही. उरलेल्या दारांतून आणि पंखांवरच्या खिडक्यांतून सगळे बाहेर पडले. तोवर धडाचा पुढचा भाग, पंख आणि त्यांतल्या टाक्या यांनी विमानाला वर धरून ठेवलं होतं. डावं इंजिन आदळताच निखळून तळाला गेलं. ते दोन-अडीच टनांचं वजन कमी झालं, हे तरंगण्याच्या दृष्टीने तर बरंच झालं.

शेपटीचा हा कच्चा दुवा जुना आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला पॅसिफिकवर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या चार इंजिनांच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानाची दोन इंजिनं गेली. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी अमेरिकी तटरक्षक दलाचं 'पॉन्चरट्रेन' जहाज गाठलं आणि पहाट होईपर्यंत त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. उजेड हवा होता, आणि इंधन जाळून विमान हलकंही करायचं होतं. शेपूट तुटेल हे जाणून त्यांनी मागच्या प्रवाशांना आधीच पुढे बसवलं. शेपूट खरोखर तुटली. विमान वीसेक मिनिटांत बुडालं आणि तोवर ३१ च्या ३१ माणसं तराफ्यांत होती. घाई नसलेल्या डिचिंगचं याहून नेटकं उदाहरण मला माहीत नाही.

पंख समपातळीत नसले तर काय होतं, तेही पाहायला मिळालेलं आहे. २३ नोव्हेंबर १९९६ ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ उतरलं. डावा पंख आणि डावं इंजिन आधी पाण्याला लागलं, विमान गरकन फिरलं आणि त्याचे तुकडे झाले. १७५ पैकी १२५ जण गेले. आणि १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं, ते तर उतरणं नव्हतंच. रात्रीच्या अंधारात एका उपकरणाच्या बिघाडाने दिशाभूल होऊन ते डावीकडे कलंडत तिरकं पाण्यात शिरलं, आतले २१३ जण गेले. आर्किमिडीजचं तत्त्व दोन्ही ठिकाणी तेच होतं. तरंगायला नळी अख्खी उरली नाही.

उलट टोकाचं उदाहरण जपान एअरलाइन्सचं. २२ नोव्हेंबर १९६८ ला त्यांचं डीसी-८ धुक्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीच्या अलीकडे खाडीत उतरलं. चुकून, पण इतक्या अलगद की १०७ पैकी कोणालाच काही झालं नाही. पाणी उथळ असल्याने चाकं तळाला टेकली आणि दारं पाण्याच्या वर राहिली. विमान बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा उडवलं गेलं.

तरंगणं एक आणि सरळ तरंगणं दुसरं. ए३२० किंवा बोइंग ७३७ चे पंख पोटाच्या पातळीला असतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौतीसेक मीटर. विमान डावीकडे कललं की डावा पंख जास्त पाण्यात जातो, जास्त पाणी सारतो आणि वर ढकलला जातो. लाटांत उलटं व्हायला हे विमान सहजी तयार होत नाही. एटीआरसारख्या विमानांचे पंख छतावर असतात. तिथे हा आधार धड बरंच खाली गेल्यावर किंवा कलल्यावरच मिळतो.

हेलिकॉप्टरची गत सगळ्यांत वाईट. इंजिन, गिअरबॉक्स, रोटर, सगळं जड सामान डोक्यावर, आणि पंखांचा पसारा नाही. मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरना म्हणून फुगवता येणारे फ्लोटर लावलेले असतात. २८ जून २०२२ ला 'सागर किरण' या तेलविहिरीच्या रिगजवळ नऊ जणांना घेऊन गेलेलं पवनहंसचं हेलिकॉप्टर फ्लोटरच्या आधाराने समुद्रात उतरलं, तरी चौघे दगावले. पावसाळी समुद्रात हेलिकॉप्टर उलटं होऊ शकतं, हे गृहीत धरूनच रिगवर जाणाऱ्यांना एक खास प्रशिक्षण देतात. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा पिंजरा तलावात सोडून उलटा करतात, आणि आतल्या माणसाने पट्टा सोडून, खिडकी शोधून, बाहेर यायचं. ज्यांनी हे केलंय ते सांगतात की पहिल्यांदा वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही.

प्रवाशाच्या हातात यातलं काय आहे? फारसं नाही, एक गोष्ट सोडून. मुंबईहून पश्चिमेकडे उड्डाण घेतलेलं विमान काही क्षणांतच समुद्रावर असतं. जॅकेट सीटखाली आहे, दाराबाहेर पडल्यावरच फुगवा, हे वाक्य तोवर सांगून झालेलं असतं आणि बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं. कोमोरोसजवळ बऱ्याच प्रवाशांनी जॅकेट आतच फुगवली. पाणी भरलेल्या केबिनमध्ये फुगलेलं जॅकेट माणसाला छताशी नेऊन चिकटवतं. दार मात्र तोवर खाली, पाण्यात असतं, आणि तिथवर जायला बुडी मारावी लागते. ती त्या जॅकेटमध्ये मारता येत नाही.